ओळंब्यातलं रक्त

तिला सगळे ओळंबा म्हणायचे. आधी वडील म्हणायला लागले, मग वडिलांच्या हाताखालचे गवंडी, मग नवरा. आणि नवरा चालवायचा शाळेची बस, शिवाय पोटात काही ठेवणं त्याला जन्मात जमलं नाही, त्यामुळे बसमधली झाडून सगळी पोरंही तिला ओळंबाकाकू म्हणायला लागली. ओळंबा म्हणजे दोरीच्या टोकाला बांधलेलं पितळी वजन. भिंतीच्या कडेला सोडलं की दोरी दाखवेल ती सरळ रेषा, मग समोर कितीही मोठा इंजिनिअर उभा असो. वडील गेले तेव्हा त्यांचा ओळंबा तिच्या पिशवीत आला आणि तिथून कधी हलला नाही.

ही बाई कुणाकडे चहाला गेली तरी आधी दाराची चौकट बघायची. "चौकट डावीकडे कललीय हं तुमची," हे सांगून झालं की मग तब्येतीची चौकशी. त्यामुळे चहाची बोलावणी जरा बेतानंच यायची. पण घरात फरशी बसवायची वेळ आली की याच लोकांना तिच्याशिवाय दुसरं कोणी दिसायचं नाही. तिनं फरशी बसवलेल्या खोलीत मधोमध गोटी ठेवली तर गोटी तिथंच बसून राहायची. तीच गोटी तिच्या न्हाणीघरात ठेवली तर सरळ पाण्याच्या भोकाकडे निघायची, कारण न्हाणीघराला ढाळ लागतो आणि ढाळ द्यावा तर ओळंबानंच. "पाणी आळशी असतं," ती म्हणायची. "त्याला नुसतं वाट दाखवून भागत नाही, ढकलावं लागतं." कुणाच्या न्हाणीघरात पाणी साठलेलं दिसलं की तिचा तो दिवस वाया गेलाच म्हणून समजा.

अशा या सरळ बाईच्या आयुष्यात वाकडं शिरलं ते एकतिसाव्या वर्षी. डावा हात दमायला लागला. चार वेळा थापी फिरवली की हात शिशासारखा जड व्हायचा. शिडीवर उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. "उन्हानं होत असेल," ती म्हणायची. बंद खोलीत फरशी बसवताना ऊन कुठून येणार, हे विचारायची हिंमत फक्त नवऱ्यात होती, आणि त्यानं ते विचारलंही. मग एक दिवस पोरांना शाळेत सोडून त्यानं बस तशीच दवाखान्याच्या दारात आणून लावली, बायको आत घालूनच.

नर्सनं डाव्या मनगटावर बोटं ठेवली. मग बोटं जरा सरकवली. मग आणखी सरकवली. मग रक्तदाबाचं यंत्र आणलं, ते नुसतंच सुसू करून थांबलं. दुसरं आणलं, तिसरं आणलं.

"ताई, तुमची नाडी लागत नाहीये," नर्स रडकुंडीला येऊन म्हणाली.

"मग इतका वेळ तुमच्याशी बोलतंय कोण?"

"असेल हो आत कुठंतरी," नवरा म्हणाला. "झोपेतसुद्धा बडबड चालू असते, त्याअर्थी हृदय चालू आहे."

मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. चणीनं लहान, बोलायला भराभर, आणि खरं सांगायचं झालं की मात्र एकदम सावकाश होणाऱ्या. त्यांनी तपासण्या केल्या आणि तिला समोर बसवून सावकाश सांगितलं. हृदयापासून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना सूज येते. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच चुकून आपल्याच भिंतींवर उठतात. भिंत जाड होते, आतली वाट अरुंद होते. डाव्या हाताकडे जाणारी वाट जवळजवळ बुजत आली आहे.

"म्हणजे भिंतीत ओल मुरलीय आणि गिलावा आतून फुगलाय," ओळंबा म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "पंधरा वर्षं मी हे लोकांना समजावतेय. इतकं सोपं मला एकदाही नाही जमलं."

"मग गिलावा खरवडा आणि नवा करा."

"तो नाही खरवडता येत गं. ओल थांबवता येते. गोळ्यांनी."

"आणि ती थांबली की नाही हे कसं कळणार? आत कोण डोकावणार?"

हा प्रश्न डॉक्टरीणबाईंना आवडला. अधूनमधून फोटो काढून आत डोकावता येतं, त्या म्हणाल्या, पण दर महिन्याला खबर आणायचं काम रक्ताचं. दोन खबरे आहेत. एक ईएसआर. रक्त बारीक उभ्या नळीत तासभर ठेवायचं आणि लाल पेशी किती मिलीमीटर खाली बसल्या ते मोजायचं. अंगात सूज असली की पेशी एकमेकींना चिकटतात, जड होतात आणि भराभर तळाला जातात. दुसरा खबऱ्या सीआरपी, म्हणजे सूज आली की यकृत रक्तात सोडतं ते एक प्रथिन.

"कळलं. बादलीत सिमेंटचं पाणी ठेवलं की गाळ खाली बसतो आणि वर निवळ येते, तसंच." एवढं म्हणून ती नवऱ्याकडे वळली. "बघ, माझ्या अंगातही गवंडीकामच चाललंय."

मग गोळ्या सुरू झाल्या, आणि घरात एकच धमाल उडाली. त्या गोळ्यांनी तोंड भोपळ्यासारखं गोल झालं, भूक अशी की समोर ठेवाल ते फस्त, आणि अंगात असा काही उत्साह की बघणाऱ्याला घाम फुटावा. एका दुपारी तिनं शेजारणीच्या जिन्याच्या सगळ्या सांध्यांत नवं सिमेंट भरून टाकलं, शेजारणीला न विचारता. शेजारीण बाजारातून आली ती दोन तास खालीच उभी, कारण सिमेंट ओलं होतं. "आता जन्मात पाणी मुरणार नाही तुमच्याकडे," ओळंबा वरून ओरडून सांगत होती. नवरा म्हणायचा, डॉक्टरांनी बायको बरी केली की दोन केल्या, काही कळत नाही.

पहिल्या वर्षी एक मात्र चुकलं. ईएसआरचा आकडा सव्वीस आला होता आणि तिनं तो हसण्यावारी नेला. विसाच्या आत हवा होता, सव्वीस आला, सहा जास्त झाले तर काय आभाळ कोसळतंय! तपासणीला जायचंच टाळलं. महिन्याभरात आकडा सत्तरला गेला आणि ती शिडीवरून खाली आली. खाली सिमेंटच्या गोण्या होत्या म्हणून निभावलं. डॉक्टरीणबाई तेव्हा रागावल्या नाहीत, आणि तेच तिला लागलं. त्या एवढंच म्हणाल्या, "यापुढे विसाच्या वर गेला की शिडी बंद, परांची बंद. सलग सहा महिने विसाच्या आत दाखव, मग हवं ते काम कर." तेव्हापासून ओळंबा फक्त जमिनीवरची, हलकी कामं घ्यायची आणि महिना झाला की शहाण्या मुलीसारखी रक्त द्यायला जायची.

रक्त घ्यायचे मिलीमीटरकाका. लॅबमध्ये अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस. उंच, किडकिडीत, दोन्ही मनगटांवर घड्याळं, कारण एक बिघडलं तर? सगळ्या तपासण्या यंत्रावर गेल्या तरी ईएसआरच्या काचेच्या नळ्या त्यांनी यंत्राला दिल्या नव्हत्या. "यंत्राला धीर नसतो," ते म्हणायचे. तास पूर्ण होण्याआधी त्यांच्याकडून आकडा काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. एकोणसाठाव्या मिनिटाला नळीकडे नुसतं बघितलं तरी ते चिडायचे. अशा माणसाचं आणि ओळंबाचं जमलं नसतं तरच नवल. ती म्हणायची, अख्ख्या दवाखान्यात माझ्या जातीचा हा एकच माणूस आहे.

अठरा, सोळा, सतरा, पंधरा, सतरा. पाच महिने आकडे विसाच्या आत राहिले. आणि त्या पाचव्या महिन्यात जुन्या ओळखीचा एक मुकादम तिच्या दारात आला.

अकरा वर्षं बंद पडलेला पोहण्याचा तलाव नव्यानं उघडायचा होता. पंचवीस मीटर लांब, एका टोकाला कमरेएवढा, दुसऱ्या टोकाला दोन माणसं खोल. तळ, भिंती, काठ, सगळी फरशी नवीन. आणि काठाला चारी बाजूंनी निळी पट्टी, तिला पाणी सगळीकडे सारखं टेकलं पाहिजे. "न्हाणीघरात चूक झाली तर एका माणसाचे पाय भिजतात," मुकादम म्हणाला. "इथं पाणीच चुगली करणार, गावासमोर. मला तू हवीस."

ओळंबा रात्रंदिवस तलावाचंच बोलायला लागली. जेवणाच्या टेबलावर चमच्यांनी तलाव मांडायची. तिच्या वडिलांनी हयातभर दुसऱ्यांची न्हाणीघरं केली आणि एक तलाव करायची इच्छा मनात घेऊन गेले, हे नवऱ्याला लग्नानंतर नऊ वर्षांनी पहिल्यांदा कळलं. काम सहाव्या तपासणीनंतरच्या सोमवारी सुरू व्हायचं होतं. मुकादमाला त्याआधी, शुक्रवारपर्यंत, डॉक्टरांची चिठ्ठी हवी होती. खोल टोकाला बांबूच्या परांच्या बांधाव्या लागणार, नाडी न लागणाऱ्या बाईला तो तसाच कसा चढवणार? चिठ्ठी नाही आली तर दुसरी टोळी तयार होती.

सगळं सहाव्या आकड्यावर येऊन ठेपलं.

आकडा आला चोवीस.

फोन मिलीमीटरकाकांनी केला. आवाज पडलेला होता, पण त्यात एक चोरटा उत्साहही होता, कारण त्यांच्याकडे एक सिद्धान्त तयार होता. "तू एकटी नाहीस बघ. गेल्या पंधरा दिवसांत सगळ्यांचेच आकडे चढलेत. थोडे थोडे, पण सगळ्यांचे! मी वहीत लिहून ठेवलंय. आपल्याकडे कसली तरी छुपी साथ आलीय."

"पण काका, मला काहीच होत नाहीये. चक्कर नाही, हात दुखत नाही."

"छुपी आहे म्हटलं ना!"

डॉक्टरीणबाईंनी साथीचं मनावर घेतलं नाही, पण आकडा घेतला. सीआरपीचं रक्त दुसरीकडच्या मोठ्या लॅबला जायचं, तिथून उत्तर यायला शुक्रवार उजाडणार होता. "मला बरं वाटतंय हो, अगदी शपथ," ओळंबा म्हणाली.

"मागच्या वेळीही तू हेच म्हणाली होतीस," डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या. "गुरुवारी पुन्हा ईएसआर दे. तोपर्यंत तलाव नाही. आणि गोळी वाढवायची मनाची तयारी ठेव."

घरी येऊन ती न्हाणीघरात गेली, दार लावलं आणि फरशीवर बसून पोटभर रडली. बाहेर नवऱ्यानं दोन विनोद करून पाहिले. तिसरा सुरू केला आणि मध्येच थांबला. नवरा गप्प झालाय हे लक्षात आलं तेव्हा मात्र ती घाबरली आणि डोळे पुसून बाहेर आली, कारण घरात कोणीतरी बोलत राहायला हवं होतं.

गुरुवारी सकाळी ती पिशवी खांद्याला लावून लॅबमध्ये हजर. नवराही बस रिकामी करून पाठोपाठ आला. काकांनी पुढच्या खोलीत रक्त घेतलं आणि म्हणाले, "जा आता, तासाभरानं फोन करतो."

"मी इथंच बसते. माझं रक्त आहे, मी बघणार."

"नळीकडे बघून आकडा कमी होत नसतो."

"तुम्ही अठ्ठावीस वर्षं बघताय, मी एक तास बघते."

काका कुरकुरत तिला मागच्या खोलीत घेऊन गेले, आणि ओळंबा दारातच थबकली. "अहो, ही तर माझी खोली!"

खरंच तिची होती. वीस दिवसांपूर्वी तिनंच तिथं फरशी बसवली होती. तेव्हा ती बाटल्या धुवायची खोली होती. काका तिच्या डोक्यावर उभे राहून बजावत होते, की पाण्याचा थेंब उभा राहता कामा नये, राहिला तर परत बोलावीन. तिनंही ईर्ष्येला पेटून दुप्पट ढाळ दिला होता. पाणी ओतलं की पळतच सुटायचं.

"बाटल्या आता वर धुतात," काका अभिमानानं म्हणाले. "पुढच्या खोलीत सकाळचं ऊन यायला लागलं थेट नळ्यांवर. उन्हानं आकडा चुकतो. मी असलं चालवून घेत नाही. ही खोली थंड, सावलीची. पंधरा दिवस झाले टेबल इथं आणून. आणि तुझी फरशी अशी झकास, की टेबल तसूभर डुगडुगत नाही."

टेबल डुगडुगत नव्हतं हे खरं. चारी पाय ठाम टेकलेले. त्यावर नळ्यांचं जुनं लाकडी स्टँड, त्यात काचेच्या सहा नळ्या. काकांनी तिचं रक्त सातव्या नळीत चढवलं, दोन्ही घड्याळं बघितली आणि वेळ लिहायला पेन घेतलं. पेन टेबलाच्या काठाला दोरीनं बांधलेलं होतं.

"पेन का बांधलंय?" नवऱ्यानं विचारलं.

"काही विचारू नका. इथं आल्यापासून चार पेनं गेली. ठेवतो तिथं राहतच नाहीत. म्हणून हे टेबलाच्या काठाला दोरी गुंडाळून बांधलं." वेळ लिहून झाल्यावर त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. पेन जरा विचार केल्यासारखं थांबलं, मग गडगडत काठावरून खाली गेलं आणि दोरीला लोंबकळत राहिलं. "बघितलंत? हलक्या प्रतीची पेनं."

ओळंबा त्या लोंबकळणाऱ्या पेनाकडे बघत होती. झोके कमी कमी होत गेले आणि पेन स्थिर झालं. मग तिची नजर दोरीवरून वर गेली, नळीवर आली, पुन्हा दोरीवर गेली. 

"काका," ती हळूच म्हणाली, "तुमच्या नळ्या कललेल्या आहेत."

"काय?"

"नळ्या. वाकड्या उभ्या आहेत. सगळ्या. जमिनीमुळे."

काका ताठ झाले. "पोरी, आकडा मनासारखा आला नाही तर खोलीला दोष देऊ नये. नाचता येईना अंगण वाकडं!"

"अंगण वाकडंच आहे, काका! मीच केलंय ते!"

तिनं पिशवीतून वडिलांचा ओळंबा काढला आणि दोरी नळीच्या वरच्या टोकाला चिकटवून सोडली. पितळी वजन फिरलं, डुललं, थांबलं. वर नळी आणि दोरी एकमेकींना टेकलेल्या, आणि तळाशी दोघींत चांगलं करंगळीएवढं अंतर. काकांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. स्टँडच्या बुडाशी काचेचा एक चिमुकला डोळा होता, त्यातला बुडबुडा सरळपणा दाखवण्यासाठीच ठेवलेला असतो. तो डोळा कधीच आटून कोरडा पडला होता. जुन्या खोलीची जमीन सपाट होती, म्हणून इतकी वर्षं कुणाला त्याची आठवण झाली नाही.

"नळी कलली तर..." काकांनी नळीवरून बोट खाली आणलं. "पेशी एका बाजूच्या काचेवर येतात आणि घसरगुंडीसारख्या खाली जातात. भराभर. हे तर मी दर वर्षी नव्या मुलांना शिकवतो. पहिल्याच दिवशी."

"टेबल हललं असतं तर तुमच्या लक्षात आलं असतं."

"आलं असतं ना! पण तुझी फरशी डुगडुगू देईल तर!"

एकानं उन्हापासून नळ्या वाचवल्या, दुसरीनं थेंबापासून खोली वाचवली, आणि दोघांनी मिळून तिचंच रक्त वाकडं केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. नवरा आधी हसला. मग तिला हसू फुटलं, असं की टेबलाला धरून उभं राहावं लागलं. काका हसत नव्हते. त्यांच्या डोळ्यांपुढे पंधरा दिवसांची वही होती.

"माझी साथ," ते पुटपुटले. "माझी छुपी साथ."

पण माणूस पक्का. दोन मिनिटांत सावरले. "नुसतं म्हणून चालणार नाही. मोजायचं. त्याच रक्ताच्या दोन नळ्या. एक कललेली, एक सरळ. तास."

ओळंबानं पिशवीतून फरशीचे तुकडे काढले. दुसऱ्या रिकाम्या स्टँडखाली एक तुकडा सारला, मग दुसरा पातळ, दोरी धरली, डोळा लावला, नखानं तुकडा आणखी तीळभर सरकवला. दोरी आणि नळी वरपासून खालपर्यंत एकजीव झाल्या. "भर आता," ती म्हणाली, जशी एखाद्या मजुराला म्हणाली असती. अठ्ठावीस वर्षांत काकांशी असं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी मुकाट्यानं रक्त भरलं. कललेल्या स्टँडमधल्या नळीतही नवं भरलं आणि दोन्ही घड्याळं एकदम बघितली.

तो तास काय सांगावा! खोलीत तीन स्टुलं, तीन माणसं आणि दोन नळ्या. नवऱ्याला राहवेना. "कललेली पुढं! कललेली पुढं!" तो शर्यतीत ओरडतात तसा ओरडला, आणि काका म्हणाले की आवाजानं टेबल हादरतं, बाहेर जा. तो बाहेर गेला आणि दाराच्या फटीतून कुजबुजत विचारत राहिला, "कोण पुढं?" पुढच्या खोलीत थांबलेल्या आजीबाईंना कळलं की आत दोन नळ्यांची शर्यत लागलीय. त्या म्हणाल्या, माझीपण लावा. चाळिसाव्या मिनिटाला ओळंबाला वाटलं, आता डोळ्यांना दिसतंय, सरळ नळीतली निवळ कमी आहे. तिनं तोंड उघडलं. काकांनी बोट वर केलं. तिनं तोंड मिटलं. आपला अख्खा तलाव त्या बोटभर पिवळ्या पाण्यात भरलाय असं तिला वाटत होतं.

दोन्ही घड्याळांत तास भरला. काकांनी भिंग लावलं. कललेली नळी वाचली, लिहिली. सरळ नळी वाचली. पुन्हा वाचली.

"कललेली चोवीस," ते म्हणाले. "सरळ अठरा."

ओळंबानं काकांना उचललं. हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही, खरंच कंबरेला धरून जमिनीपासून वीतभर उचललं, गोळ्यांचा जोर होताच अंगात. "खाली ठेव! नळ्या! नळ्या!" काका ओरडत होते, आणि ओरडता ओरडता त्यांनाही हसू आवरेना.

त्या दिवशी काकांनी पंधरा दिवसांतल्या प्रत्येकाला स्वतः फोन केला. "चूक माझी झाली, पुन्हा रक्त द्यायला या," एवढंच सांगायचे, सबब नाही. एकजण फारच चिडला तर त्याच्या घरी जाऊन रक्त घेऊन आले. स्टँडखालचे फरशीचे तुकडे त्यांनी चिकटवून टाकले.

शुक्रवारी सीआरपी आला. चार. म्हणजे दुसऱ्या खबऱ्यानंही ओल नसल्याचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, उजव्या हाताचा रक्तदाब बघितला, मानेवर स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. मग चिठ्ठी लिहायला घेतली.

"आकडे खबर देतात, हमी देत नाहीत," त्या सावकाश म्हणाल्या. "क्वचित दोघंही गप्प बसतात आणि आत ओल चालू असते. तीन महिन्यांनी फोटो काढायचाच. आणि जरा जरी गरगरलं तर लगेच खाली. गोण्या दर वेळी नसतात."

"कबूल."

"आणि काय गं, तुझ्या रक्तालासुद्धा ओळंबा लागतो होय?" असं म्हणून त्या इतक्या भराभर हसल्या की सही वाकडी आली. ओळंबाला ती दिसली, पण त्या दिवशी तिनं सोडून दिलं.

तलावाला अकरा आठवडे लागले. परांचीवर ती दोर बांधून चढायची, दर तासाला खाली येऊन बसायची, आणि या काळात दोनदा काकांच्या सरळ नळीनं विसाच्या आतच उत्तर दिलं. शेवटची निळी पट्टी बसली आणि पाणी सोडलं. भरायला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी पट्टीच्या जवळ आलं तेव्हा मुकादम नखं खात होता, नवरा काठावर येरझारा घालत होता, आणि ओळंबा उथळ टोकाच्या पायरीवर पाय पाण्यात सोडून डोळे मिटून बसली होती. बघायची हिंमत होत नव्हती.

"वाचणार कोण?" मुकादमानं विचारलं.

"मिलीमीटर," ती डोळे न उघडता म्हणाली.

काका आलेच होते, खिशात मोजपट्टी आणि भिंग घेऊन. ते काठावर पोटावर पालथे पडले. पहिल्या कोपऱ्यात बराच वेळ, मग उठून दुसऱ्या, मग तिसऱ्या. चौथ्या कोपऱ्यात ते पडून राहिले ते उठेनातच.

"काय झालं? किती?" मुकादम ओरडला.

"पाणी अजून हलतंय. नळ आत्ताच बंद केलाय. तास झाल्याशिवाय आकडा नाही."

आणि तास झाला. कुणी जागचं हललं नाही. काका पुन्हा चारी कोपरे फिरले, चारी वेळा पालथे पडले, शर्टाची पुढची बाजू भिजवून उठले आणि कपडे झटकत तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"फरक शून्य," ते म्हणाले. "चारी कोपऱ्यांत शून्य. असा आकडा मी आयुष्यात वाचला नाही."

ओळंबानं डोळे उघडले. निळी पट्टी आणि पाणी, चारी बाजूंनी, कुठंही एकमेकांना न सोडता टेकलेले. बाबा असायला हवे होते, असं तिला वाटलं आणि तिनं ते मोठ्यानं म्हटलंही, आणि डोळे भरून आले. नवरा शेजारी येऊन बसला. त्यानं रोज सकाळी धरतो तसं तिचं डावं मनगट धरलं, बोटं ठेवली, जरा सरकवली.

"इथंही शून्यच," तो गंभीरपणे म्हणाला.

तिला असं काही हसू फुटलं की तोल गेला, आणि ती पायरीवरून कपड्यांसकट पाण्यात पडली, जाताना नवऱ्यालाही घेऊन. कमरेएवढं पाणी, दोघंही नाकातोंडातून पाणी काढत, एकमेकांना धरून खिदळत उभे राहिले, आणि लाटा पंचवीस मीटर जाऊन पलीकडच्या काठावर आपटल्या.

"अरे, काय केलंत हे!" काका दोन्ही घड्याळं बघत काठावरून ओरडले. "आता पुन्हा तासभर थांबावं लागणार!"